वस्तीत मुलाखती झाल्या, पण हाती काही लागलं नाही? आधी हे तपासा

डिझाइन थिंकिंग म्हणजे माणसाची अडचण आधी समजून घेऊन मग उपाय घडवायची पद्धत. तिची पहिली पायरी एम्पथी, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन बघणं, आणि एम्पथी म्हणजे वस्तीत जाऊन दहा-पंधरा इंटरव्ह्यू, हे समीकरण आता कॉलेजच्या प्रोजेक्टपासून कंपन्यांच्या सीएसआरपर्यंत (सामाजिक उपक्रमांपर्यंत) सगळीकडे पक्कं बसलंय. मुंबईत वस्ती शोधायला लांब जावं लागत नाही. टीम जाते, इंटरव्ह्यू होतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटतात आणि मग संध्याकाळी फोन येतो, "सगळं केलं, पण इन्साइट काही निघत नाहीये." म्हणजे डिझाइनला दिशा देईल असं काही हाती लागत नाही. हा बिघाड माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की आता मी एका ठरलेल्या क्रमाने तपासते. फुकटचं आणि सोपं आधी, वेळखाऊ आणि खर्चिक शेवटी.

बहुतेक टीम याच्या उलट करतात. आणखी वीस इंटरव्ह्यू करायला निघतात. ते करू नका. पद्धतीतच खोट असेल तर तेच उत्तर आणखी वीस वेळा मिळेल, आणि पुढच्या टीमला दार उघडताना वस्तीतली वीस माणसं दोनदा विचार करतील.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर हा तोच बिघाड आहे असं समजा.

- सगळ्यांची उत्तरं एकसारखी. एक तर "सगळं ठीक आहे", नाहीतर पाणी-गटार-संडास-नोकरी अशी यादी, तीही त्याच क्रमाने.
- तुमची कल्पना सगळ्यांना आवडते. "चांगलं आहे, आणा तुम्ही." यापुढे वाक्य जात नाही.
- इंटरव्ह्यू दहा-बारा मिनिटांत आटोपतो, आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये तुमची वाक्यं समोरच्यापेक्षा लांब असतात.
- खरं बोलणं रेकॉर्डिंग बंद झाल्यावर, तुम्ही दारात चपला घालताना होतं.
- शेवटी समोरची व्यक्ती तुम्हालाच विचारते, "मग आमच्या बिल्डिंगचं कधी होणार?"
- एम्पथी मॅपच्या (माणूस काय बोलतो, करतो, त्याला काय वाटतं हे चौकोनांत मांडायच्या तक्त्याच्या) 'काय वाटतं' या चौकोनात 'त्रस्त', 'हतबल', 'आशावादी' असले शब्द आहेत, जे कुठल्याही वस्तीतल्या कुठल्याही माणसाला चिकटवता येतील.

शेवटून दुसरं लक्षण असेल तर थेट पाचव्या तपासणीवर जा, मधली करण्यात वेळ घालवू नका.

१. पेन घेऊन ट्रान्सक्रिप्ट वाचा

खर्च शून्य. कुठलेही तीन ट्रान्सक्रिप्ट घ्या, सर्वात चांगले वाटणारे निवडू नका. समोरच्याचं प्रत्येक वाक्य वाचा आणि ठरवा: हे घडलेलं आहे, मत आहे, की मागणी आहे? घडलेल्याला हिरवा, मताला निळा, मागणीला लाल रंग द्या. "महापालिका लक्ष देत नाही" हे मत. "नळ वाढवून द्या" ही मागणी. "परवा रात्री दीड वाजता पाणी आलं, मी उठले, मोठी उठली नाही" हे घडलेलं.

पानं निळी-लाल दिसली तर पुढच्या तपासण्या करा. पण पानं हिरवी असतील तर इथेच थांबा, कारण इंटरव्ह्यू चांगले झालेत आणि बिघाड तुमच्या टेबलावर आहे. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. टीमने मुंबईच्या हिंदीतलं नाहीतर मालवणी-मराठीतलं तासभराचं बोलणं आपोआप टाइप करणाऱ्या ॲपमधून काढलेलं असतं, मग इंग्रजीत फिरवलेलं असतं, आणि त्या फिरवाफिरवीत दीड वाजलेली रात्र जाऊन तिथे 'पाणीपुरवठा अनियमित' एवढंच उरलेलं असतं. उपाय: मूळ ऑडिओ ऐका आणि चिठ्ठीवर त्या व्यक्तीचं वाक्य तिच्याच भाषेत लिहा. विशेषणं लिहायला बंदी. दुरुस्ती एवढ्यावर भागली तर तुमचं नशीब.

२. प्रश्न बदला: मत विचारू नका, कालचं विचारा

हीदेखील फुकटची दुरुस्ती आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वात जास्त केसेस इथेच सुटतात.

भांडुपच्या डोंगरउतारावरची एक वस्ती. टीमला ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी काहीतरी डिझाइन करायचं होतं. त्यांचा प्रश्न, "तुम्ही ओला आणि सुका कचरा वेगळा करता का?" उत्तर, "हो, करतो ना." पुढचा प्रश्न, "वेगळा करणं तुम्हाला महत्त्वाचं वाटतं का?" उत्तर, "हो, पाहिजेच." घरामागून घर हेच. आणि दोन घरांच्या मधल्या घळीत काय पडलंय ते टीमला येता-जाता दिसत होतं. निष्कर्ष काढून मोकळे झाले: लोकांमध्ये जागृती नाही, पोस्टर करू या.

त्याच गल्लीत, त्याच बाईंशी, दुसऱ्या दिवशी झालेलं बोलणं असं:

"मावशी, आज सकाळचा कचरा आत्ता कुठेय?"

"खाली गेला."

"कोण घेऊन गेलं?"

"पोरगा. शाळेत जाताना नेतो पिशवी, खाली डब्यात टाकतो."

"आणि काल?"

"काल रविवार ना. शाळा नव्हती." मग जरा थांबून, "काल मागे टाकला."

"शाळा असते तेव्हा दोन पिशव्या देता का त्याच्याकडे, ओली वेगळी?"

"पाठीवर दप्तर, एका हातात धाकटीचा हात. दुसरी पिशवी कशात धरणार तो?"

इथे जागृतीचा प्रश्नच नव्हता. कचऱ्याची वाहतूक एका शाळकरी मुलाच्या रिकाम्या हातावर चालली होती, आणि त्याला एकच हात रिकामा होता. रविवारी, सणाच्या सुट्टीत, मे महिन्यात ती वाहतूक बंद. पोस्टरने यातलं काहीही हललं नसतं.

हे का चालतं? मत विचारलं की माणूस बरोबर उत्तर शोधतो, आणि ओल्या-सुक्याचं बरोबर उत्तर काय ते घंटागाडीच्या भोंग्याने सगळ्यांना पाठ करून ठेवलंय. घडलेलं विचारलं की त्याला आठवावं लागतं, आणि आठवताना तपशील आपोआप येतात. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये यावर सविस्तर लेख लिहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाच्या कामात त्यांनी ही रीत वापरली होती: चांगला वैमानिक कसा असावा हे विचारायचं नाही, प्रत्यक्षात कुठल्या प्रसंगात काय केलं ते विचारायचं. डिझाइनवाल्यांची 'शेवटचं कधी झालं ते सांगा' ही युक्ती त्याच घराण्यातली.

आपल्या प्रश्नावलीतून 'साधारणपणे', 'नेहमी', 'आवडेल का', 'वापराल का' हे शब्द खोडून टाका. त्यांच्या जागी 'काल', 'मागच्या वेळी', 'मग काय झालं', 'तेव्हा घरात कोण होतं'. आणि एक गोष्ट जपून: पाच वेळा 'का' विचारायची पद्धत टोयोटाच्या कारखान्यातून आली, यंत्र का बंद पडलं ते शोधायला. यंत्राला अपमान वाटत नाही. माणसाला मात्र तिसऱ्या 'का'लाच आपली चौकशी चालली आहे असं वाटायला लागतं, विशेषतः ज्याला चौकीत बसायची पाळी कधी आली असेल त्याला. 'का'ऐवजी 'म्हणजे कसं?' म्हणा. काम तेच होतं.

३. वही, फोन आणि तुमची गडबड

झटपट तपासणी. छापील फॉर्म हातात असेल तर तो बॅगेत टाका, कारण फॉर्म दिसला की माणूस रकान्यापुरतं उत्तर देतो. छोटी वही चालते. फोन मधे ठेवायचा असेल तर आधी विचारा, आणि 'नको' म्हटलं तर खरोखर ठेवू नका, चेहऱ्यावर नाराजीही नको. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाच आकडे मोजा. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला बहुतेक वेळा ते वाक्य येतं ज्यासाठी तुम्ही आलेला असता, "काल मागे टाकला" यासारखं.

चहा आला तर घ्या. बाहेरची बाटली काढून तेच पाणी पिऊ नका.

४. वेळ आणि घरातली गर्दी

टीमची फिल्डची वेळ ठरलेली असते, अकरा ते एक. लोकलची गर्दी टळते, जेवणाआधी परत येता येतं. त्या वेळेत घरी कोण भेटतं? ज्यांना बाहेर कामाला जावं लागत नाही अशा बायका, म्हातारी माणसं, रात्रपाळीहून येऊन झोपलेला एखादा (ज्याला तुम्ही उठवता). घरकाम करणाऱ्या मावशी तेव्हा तिसऱ्या घरच्या भांड्यांवर असतात. नाक्यावर उभा राहणारा बिगारी आठच्या सुमाराला कामाला गेलेला असतो, नाहीतर आज काम नाही म्हणून बोलायच्या मनःस्थितीत नसतो. ससून डॉकला मासळी घ्यायला जाणारी कोळीण पहाटेच्या लिलावाला असते आणि दुपारी तिला झोप हवी असते. म्हणजे तुमचे पंधरा इंटरव्ह्यू एकाच प्रकारच्या दुपारचे आहेत.

उपाय स्वस्त आहे: एक फेरी संध्याकाळी सातनंतर, एक रविवारी. पण त्याआधी वस्तीत पाणी कधी येतं ते विचारून घ्या. पाण्याच्या वेळेत इंटरव्ह्यू मागणं म्हणजे चुलीवर दूध असताना हाक मारण्यासारखं आहे, समोरची बाई तोंडाने 'हो हो' म्हणते आणि कान बाहेर असतो. त्या वेळेत प्रश्न विचारायचेच नाहीत. पाइप धरायला मदत करा, रांगेचं बोलणं ऐका. गणपतीत आणि मे महिन्यात कोकणातली माणसं गावी जातात, तेव्हा लालबाग-परळ-भांडुपच्या चाळींमधलं तुमचं सॅम्पल अर्धं गायब असतं. मुंबईत राहून हे कॅलेंडर विसरणाऱ्या टीम पाहिल्या की आश्चर्य वाटतं.

गर्दीचं असं. दहा बाय बाराच्या खोलीत चार जणांची टीम शिरली की घरची माणसं मोरीत नाहीतर दारात उभी राहतात. दोघांनीच जा, एक बोलेल, एक लिहील. सून बोलत असताना सासू पलंगावर असेल तर तो इंटरव्ह्यू सासूचा आहे हे लक्षात घ्या. सासूला बाहेर काढता येत नाही आणि काढूही नये. टीममधल्या दुसऱ्याने सासूबाईंशी ओट्यावर बसून त्यांच्या काळातलं बोलणं सुरू करावं, तेही मनापासून, कारण तिथेही माहिती असते. सुनेशी बोलायची खरी जागा नळावर, शाळेच्या गेटवर, बचत गटाच्या मीटिंगनंतरच्या दहा मिनिटांत. दारात मंडळाचा कार्यकर्ता येऊन उभा राहिला, तर त्याच्याशी मोकळेपणाने ओळख करून घ्या आणि त्या दिवशी फक्त बिनधोक विषयांवर बोला. त्याच्यासमोर नगरसेवकाचं नाव निघेल असा प्रश्न विचारून बाईला अडचणीत टाकायचं नाही.

५. त्यांना तुम्ही कोण वाटता?

ही मुंबईची खास तपासणी. बाहेरच्या देशांतल्या डिझाइन थिंकिंगच्या पुस्तकांत ती सापडणार नाही.

या शहरात वही घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे सर्व्हेवाला, आणि सर्व्हे म्हणजे घर. १९७६च्या झोपडी गणनेनंतर फोटोपास, म्हणजे झोपडीधारकांची ओळखपत्रं, आले. पुढे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कट-ऑफ तारखा आल्या: १ जानेवारी २०००च्या आधीचे मोफत घराला पात्र, त्यानंतरचे १ जानेवारी २०११पर्यंतचे पैसे भरून. धारावीत २०२४ पासून पुनर्विकासासाठी घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं, दारांवर नंबर पडले. एखाद्या कुटुंबाचं पात्र-अपात्र ठरणं एका वीजबिलावर किंवा मतदारयादीतल्या नावावर अडलेलं असताना तुम्ही हसतमुखाने विचारता, "किती वर्षं राहता इथे? घरात किती जण? वर कोण राहतं?" याचं खरं उत्तर कोण देईल? पोटमाळ्यावर भाडेकरू असेल तर तो 'गावचा पुतण्या' होतो. आणि ते योग्यच आहे. त्या कुटुंबाच्या जागी शहाणा माणूस हेच करेल.

म्हणून लक्षणांमधलं ते "आमच्या बिल्डिंगचं कधी होणार?" फार मोलाचं आहे. याचा अर्थ गेली वीस मिनिटं समोरची व्यक्ती तुमच्याशी नव्हे, एसआरएशी (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाशी) बोलत होती. तो इंटरव्ह्यू बाजूला ठेवा. त्यातून निष्कर्ष काढू नका.

दुरुस्ती कशी करायची:

पहिल्या मिनिटात चार गोष्टी सांगा. आम्ही कोण, पैसे कोण देतं, या बोलण्याचं काय करणार, आणि यातून तुम्हाला काय मिळणार नाही. चौथी गोष्ट सगळे गाळतात, आणि तीच सर्वात गरजेची. "ताई, आम्ही सरकारकडून नाही, बिल्डरकडून नाही. आमच्यामुळे घराच्या कामाला काही फायदा होणार नाही, तोटाही होणार नाही." हे सांगितल्यावर काही जण "मग कशाला?" म्हणून दार लावतात. लावू द्या. उरतात ते बोलतात.

राहण्याची वर्षं, माणसांची संख्या, भाडं, कागद हे प्रश्न सुरुवातीला नकोतच. बहुतेक वेळा शेवटीही नकोत. कचऱ्याच्या डब्याचं डिझाइन करायला रेशनकार्डाचा रंग लागत नाही. दाराचे, नंबरचे, मीटरचे फोटो काढू नका. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवून जाऊ नका, खिशात ठेवा आणि मागितलं की दाखवा.

माहिती कोणाकडे राहते यावरही बोलण्याचा सूर ठरतो. १९८५ मध्ये 'स्पार्क' संस्थेने भायखळ्याच्या भागातल्या फुटपाथवर राहणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा त्या लोकांनाच तिच्यात सामील करून घेतलं होतं. पुढे महिला मिलन ही बायकांची संघटना आणि झोपडपट्टीवासीयांचं फेडरेशन यांनी स्वतःची गणना स्वतः करायची रीतच पाडली, आणि ते आकडे घेऊन लोक अधिकाऱ्यांसमोर बसले. तुमचा प्रोजेक्ट तेवढा मोठा नसेल. पण पुढच्या भेटीत लिहिलेलं वाचून दाखवणं आणि "यातलं काही काढू का?" असं विचारणं कुठल्याही टीमला परवडतं.

६. कुणाच्या ओळखीने गेलात?

आता दुरुस्ती महाग होत जाते, कारण नवी ओळख करायला दिवस लागतात.

वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या ताई तुम्हाला ज्या घरी नेतात ती घरं ताईंच्या शब्दाला मान देणारी असतात. स्वच्छ असतात, बोलकी असतात, आधीच्या तीन टीमनाही तिथेच नेलेलं असतं. त्या घरातल्या वहिनींना काय उत्तर अपेक्षित आहे ते तुमच्या आधी माहीत असतं. ताईंचा दोष नाही, पाहुण्याला कुणी भांडणाच्या घरी नेत नाही.

तपासायला सोपं: वस्तीचा हाताने काढलेला नकाशा घ्या आणि इंटरव्ह्यू झालेली घरं त्यावर टिकल्यांनी दाखवा. टिकल्या मुख्य रस्त्यालगत आणि अंगणवाडीभोवती गोळा झाल्या असतील तर कारण कळलं. नाल्याकाठची रांग, डोंगरावरची शेवटची घरं, भाड्याने राहणारी कारखान्यातली पोरं यांच्यावर टिकली आहे का?

दुसरं दार शोधा. पिठाची गिरणी, टेलर, रिक्षा स्टँड, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गिरणीवाल्याला सगळ्या गल्लीची माहिती असते आणि त्याला तुमच्याकडून काहीच नको असतं, हे त्याचं बलस्थान. मात्र दुसऱ्या दाराने जाताना ताईंना सांगून जा. त्यांच्या पाठीमागे गेलात तर तुमचं एक काम होईल, पण त्यांचं वर्षभराचं बिघडेल.

"किती इंटरव्ह्यू पुरे?" या प्रश्नावर बारा हा आकडा फार ऐकू येतो. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आलाय. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्यावर, पहिल्या बारांनंतर नवे मुद्दे फारसे येत नाहीत असं त्यात दिसलं. पण तिथे बऱ्यापैकी एकसारख्या परिस्थितीतल्या स्त्रिया होत्या आणि प्रश्न सारखे होते. तुमच्या बारात भाडेकरू, घरमालक, कोळी, जरीकाम करणारे कारागीर असे सगळे असतील तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

७. तुमची कल्पना खोलीबाहेर ठेवा

सगळ्यांना तुमचं डिझाइन आवडतंय, हे लक्षण असेल तर इथे या. बंगळुरूमध्ये ४५० लोकांना घेऊन केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना दोन गोष्टी दाखवायच्या आणि त्यातली एक मुलाखत घेणाऱ्याने बनवली आहे असं भासवायचं. दोन्ही अगदी सारख्या असतानाही लोकांनी मुलाखतकाराची वस्तू पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. मुलाखतकार परदेशी आणि सोबत दुभाषी असेल, तर पाच पट.

गोवंडीतल्या भोजपुरी बोलणाऱ्या घरात इंग्रजी वळणाची हिंदी बोलणारी टीम दुभाष्यासह गेली, तर ती परदेशीच की. त्यामुळे स्केच घेऊन जायचंच असेल तर दोन न्या, "ऑफिसातल्या दोघांनी काढलीत, आमचं नाही" असं सांगा, आणि "कुठलं आवडलं?" ऐवजी "यातलं कुठलं लवकर मोडेल?" असं विचारा. वस्तू कशी मोडते ते सांगताना लोकांना संकोच वाटत नाही. त्याहून चांगलं म्हणजे त्याच गल्लीतल्या बारावी झालेल्या मुलीला मुलाखती घ्यायला शिकवा आणि तिच्या कामाचे रीतसर पैसे द्या. याला एक आठवडा आणि थोडं बजेट लागतं. दुभाष्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

८. बोलणं थांबवा, बरोबर जा

सर्वात अवघड आणि सर्वात वेळखाऊ. वरचं सगळं करूनही पानं निळीच राहिली तर बहुधा विषयच असा आहे की तो शब्दांत सांगता येत नाही, कारण तो हाताच्या सवयीत आहे. माणसाला स्वतःला माहीत नसतं की आपल्याला हे माहीत आहे.

वरळी कोळीवाड्याचं उदाहरण घ्या. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून बोटी समुद्रात जाणार, आणि दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. कागदावर एवढ्या अंतरातून छोटी बोट सहज जाते. कोळी म्हणत होते, जाणार नाही, खांबावर आपटेल. वारा, लाट, ओहोटीची ओढ आणि समोरून येणारी दुसरी बोट हे सगळं ज्याने सुकाणूवर हात ठेवून अनुभवलंय त्याचं ते गणित होतं. त्यांची मागणी आणखी मोठ्या अंतराची होती, पण बऱ्याच आंदोलनानंतर अंतर १२० मीटर झालं. हे ज्ञान किनाऱ्यावर खुर्ची टाकून "तुम्हाला किती मीटर पाहिजे?" असं विचारून कुणाला समजलं नसतं. बोटीत बसावं लागतं.

तसंच संडासाच्या रांगेचं, दाढीच्या दुकानाचं, घरकामाच्या तीन घरांच्या फेरीचं. एका व्यक्तीबरोबर अर्धा दिवस घालवा, तिच्या परवानगीने. मध्ये बोलू नका, तिने हात कुठे थांबवला ते बघा आणि तेवढंच विचारा. तिचा रोज बुडत असेल तर रोज भरून द्या, आणि काय द्यायचं ते आधी ठरवा, शेवटी पाकीट काढून नाटक नको.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खालच्या गोष्टी डिझाइनवाल्याने घरच्या घरी दुरुस्त करायच्या नाहीत.

बोलता बोलता लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, तर इंटरव्ह्यू संपला. पोक्सो कायदा, २०१२च्या कलम १९नुसार अशी माहिती असणाऱ्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. 'गोपनीयतेचं वचन दिलं होतं' ही सबब चालत नाही. म्हणून "सगळं गुप्त राहील" असं सरसकट वचन सुरुवातीला देऊच नका. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. टीममधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो असायला हवा.

मारहाण, आत्महत्येचे विचार, ताजा मृत्यू यावर माणूस कोसळला, तर पुढचा प्रश्न विचारायचा नाही. ऐका, पाणी द्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या आणि त्याच दिवशी वस्तीत काम करणाऱ्या समाजसेविकेला कळवा. दुःख उकरून काढलं म्हणजे एम्पथी खोल गेली असं मानणारे काही मार्गदर्शक आहेत. त्यांचं ऐकू नका.

आजार, गर्भपात, टीबी, एचआयव्ही असा आरोग्याचा विषय असेल तर आधी एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांना इजा होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते स्पष्ट आहे, आणि 'आम्ही रिसर्च करत नाही, डिझाइन करतो' या पळवाटेने समोरच्याचं नुकसान टळत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं तर पालकांची संमती, मुलाची स्वतःची तयारी, आणि दार उघडं.

वस्तीला पाडकामाची नोटीस आलीये, पात्रतेवरून कोर्टात केस चालू आहे, दोन गटांत तणाव आहे, अशा वेळी जाऊ नका. तिथे आधीपासून काम करणाऱ्या संघटनेला विचारा, ते नको म्हणाले तर नको.

आणि एक केस अशी असते की निर्णय आधीच झालेला असतो, अहवालात जोडायला क्लायंटला फक्त वस्तीतले फोटो आणि चार वाक्यं हवी असतात. याला दुरुस्ती नाही. काम नाकारा, किंवा निदान त्याला मुलाखती म्हणू नका.

जाणकार म्हणजे कोण? समाजकार्यात शिकलेली आणि मुंबईतल्या वस्त्यांमध्ये काही वर्षं काढलेली व्यक्ती. देवनारची टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), चर्चगेटचं निर्मला निकेतन इथून शिकून बाहेर पडलेली बरीच मंडळी शहरात आहेत. बोलावण्याआधी विचारा: शेवटचं फिल्ड कुठे केलं, आणि तिथल्या लोकांना नंतर काय परत दिलं? दुसऱ्या प्रश्नावर अडखळणारी व्यक्ती घेऊ नका. त्यांना फी द्या, 'सल्ला' म्हणून चहावर भागवू नका. आणि त्यांच्या हातात तुमचं प्रेझेंटेशन देण्याऐवजी मूळ ऑडिओ, टिकल्यांचा नकाशा आणि रंगवलेले ते तीन ट्रान्सक्रिप्ट द्या. संमती देताना लोकांना रेकॉर्डिंग आणखी कोण ऐकेल ते सांगितलं नसेल, तर ऑडिओ देण्याआधी परत जाऊन ते विचारून या.